वर्षातून दोन भेटी

आम्ही अमरावतीहून निघालो तेव्हा अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाच-सहा दिवस उरले होते. पुढे कापसाच्या गाड्यांची रांग, मध्ये मडमेची छपराची दमणी आणि मागे पुन्हा कापूस. दमणीत मडम, तिची चार वर्षांची मुलगी, आया आणि मी. मी नऊ वर्षांची होते. बा बडनेऱ्याच्या वाटेवर पहिल्या आंब्यापर्यंत गाडीच्या बाजूने चालत आला. त्याच्या हातात कोबीची पाटी होती, मडमेला वाटेत लागेल म्हणून. निरोपाचं म्हणून तो एवढंच बोलला, "रडजो नको. मडम सांगन तसं करजो." मग त्याने पाटी आयाच्या हाती दिली, आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळल्यासारखे दोन्ही हात धोतराला पुसले.

आगगाडी तेव्हा वऱ्हाडात आली नव्हती. ती धरायला खानदेशापर्यंत बैलांनीच जायचं, आणि ती वाट अकोल्यावरून जायची. अकोल्याला माझी माय राहत होती. दमणीत ही गोष्ट मला एकटीलाच ठाऊक होती. मडमेशी बोलायला मला इंग्रजी येत नव्हतं, पण आया तर मराठी बोलायची. तिलाही मी काही सांगितलं नाही. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामावर मी फक्त विचारायची की अकोला आलं का, आणि आया म्हणायची की या पोरीला मुंबईपेक्षा अकोल्याचीच घाई दिसते.

अकोल्यात शिरण्याआधी मोर्णेच्या काठी गाड्या सोडल्या. उन्हाळ्यामुळे नदीत घोट्याएवढं पाणी होतं. पलीकडे बाभळीखाली एक बाई उभी होती. तोंड पदरात होतं, तरी मी ओळखलं ते उभं राहण्यावरून. माय नेहमी एका पायावर भार देऊन उभी राहायची, वाफ्यात पाणी सोडल्यावर बायका राहतात तशी. आम्ही येणार ही खबर तिला गाडीवानांकडून लागली असणार. आमच्यातला एक गाडीवान नदी ओलांडून तिच्याकडे गेला आणि एक गाठोडं घेऊन परत आला.

"तुह्या मायनं भेट देल्ली," तो म्हणाला.

ती का नाही येत, असं मी विचारलं.

"तिले भेट द्याचा हुकूम हाये, पोरी. जवळ याचा नाही."

मी गाठोडं मांडीवर घेऊन बसले. माय पलीकडे उभी होती. वीस-पंचवीस पावलांचं अंतर असेल. बैल पाणी पिऊन झाले, गाड्या जुंपल्या, आणि नदी ओलांडताना आमची दमणी तिच्या इतक्या जवळून गेली की तिच्या पायातली जोडवी मला दिसली. ती दोन पावलं मागे सरली. तिने हात वर केला नाही. हुकमात हात वर करायचंही नसेल असं मला वाटलं.

माझ्या गावकऱ्यांनो, तुमच्यापैकी जे तिथेच राहिले, त्यांना यातली अर्धी हकिगत माहीत आहे आणि उरलेली त्यांनी आपल्या मनाने जोडली आहे, हेही मला माहीत आहे. जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांना कदाचित काही सांगायची गरज पडणार नाही. तरी दोघांसाठी मी सगळं सरळ लिहिते.

आम्ही माळी. अमरावतीच्या बाहेर विहिरीखालची थोडी जमीन, तिच्यात वांगी, मेथी, कांदा. मला कळू लागलं तेव्हा विलायतेत कापूस मिळेनासा झाला होता, कारण अमेरिकेत लढाई लागली होती, आणि सारा वऱ्हाड कापूस पेरायला लागला होता. लोकांनी भाजीचे वाफेसुद्धा मोडून सरकी टाकली. बाने टाकली नाही. सगळ्यांनी कापूस लावल्यावर भाजी आपलीच, असं तो म्हणायचा. कापूस विकत घेणारे साहेब अमरावतीला येऊन राहिले तेव्हा त्यांच्या बंगल्यांवर कोबी आणि गाजर पुरवणारा बा एकटाच होता. मडमेची आणि माझी ओळख त्या कोबीमुळे झाली.

पण त्याच्या आधीच घर मोडलं होतं. बाला मुलगा हवा होता म्हणून त्याने दुसरी बायको केली. माय वर्षभर राहिली आणि मग माहेरी निघून गेली. पंच बसले, काडीमोड झाली. मला ती काडी आठवते, ज्वारीच्या धांड्याची होती. पुढे मामाने मायचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून दिला, अकोल्याच्या एका गाडीवानाशी. मायने मला मागितलं. पंच म्हणाले, रोप ज्याच्या वाफ्यात, त्याचं. आमच्यात बाईने याच्यापुढे बोलायची रीत नव्हती. माय बोलली. मामाला घेऊन ती सरकारी साहेबाच्या कचेरीत गेली आणि तिने अर्ज दिला. मालणीने कचेरी चढल्याचं गावात कितीतरी दिवस चघळलं गेलं. नवऱ्यानं काडी मोडली, हिनं पायरी मोडली, असं विहिरीवरच्या बायका म्हणायच्या, मला ऐकू जाईल अशा आवाजात.

साहेबाने दोघांचं ऐकून एक कागद केला. एका बाजूला साहेबाचं इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मुनशीची मोडी. मुनशीने कचेरीच्या ओट्यावर तो वाचून दाखवला. मुलीने लग्नापावेतो बापाचे ताब्यात राहावे. तोपावेतो आईने सालात दोन वेळ भेट द्यावी. बाने ऐकलं, मायने ऐकलं, मामाने ऐकलं. तिघांनाही वाचता येत नव्हतं. सालात दोन वेळ म्हणजे कोणत्या वेळी, एवढंच मामाने विचारलं. बा म्हणाला, अखाजी आणि दिवाळी. मुनशी म्हणाला, बरं.

तेव्हापासून अखाजीला आणि दिवाळीला अकोल्याहून गाठोडं यायचं. त्यात एक चोळी असायची, बिब्याची गोडंबी असायची, कधी तिळाचे लाडू. चोळी कधीच मापाची नसायची. पहिल्या दिवाळीला आली ती घट्ट झाली, कारण मायने मी होते तेवढीच मला धरली होती. मग बहुधा तिला कुणी सांगितलं असेल की पोर वाढते, म्हणून पुढच्या अखाजीला इतकी मोठी आली की मावशीने ती स्वतःसाठी ठेवून घेतली. मावशी म्हणजे बाची दुसरी बायको. ती वाईट बाई नव्हती. तिला चोळी बरोबर बसली, एवढंच.

मुंबईला मिशनच्या शाळेत मला मडमेने घातलं. तिच्या मुलीशी मी चांगली खेळायची, आणि मडमेला असं वाटलं की हिच्यात काही आहे. बा हो म्हणाला. का म्हणाला, हे मी तेव्हा विचारलं नाही. मोठ्या माणसांना का म्हणून विचारायचं नाही, हे मला घरातच शिकवलेलं होतं. शाळेला वेगळं शिकवावं लागलं नाही.

शाळेत सगळ्याला बेल होती. उठायची बेल, प्रार्थनेची बेल, जेवणाची बेल. मिसबाई इंग्रजीत बोलायच्या आणि आम्ही इंग्रजीतच उत्तर द्यायचं. मराठीसाठी पुण्याकडच्या एक बाई होत्या. पहिल्याच दिवशी मी "मले येत नाही" म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. मी पुन्हा मले म्हटलं नाही. दोन महिने मी फारसं काहीच म्हटलं नाही. मग जे बोलायला लागले ते पुस्तकातलं मराठी, आणि तेच आजपर्यंत राहिलं आहे. तुम्ही वाचता आहात ते हेच. निबंधात मी आई असं लिहायची. आई हा शब्द लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कुणीच यायचं नाही, त्यामुळे तो लिहायला सोपा होता.

दर शनिवारी दुपारी फाटकाजवळच्या खोलीत मुलींचे आईबाप यायचे. त्या खोलीला व्हिजिटर्स रूम म्हणत. भिंतीशी दोन बाक होते, मोठं घड्याळ होतं, आणि मिसबाई मुलीचं नाव पुकारून म्हणायच्या की तुला व्हिजिटर आहे. ज्यांना कुणी येणार नसे, त्या मुलींनी त्या वेळात मोजे रफू करायचे. मी चांगलं रफू करते. माझ्याइतकं बारीक कुणाचंच नव्हतं, आणि मिसबाई सगळ्यांना माझा मोजा दाखवायच्या.

गाठोडी अमरावतीला येत राहिली आणि तिथून मडमेच्या साहेबाच्या माणसाबरोबर कधीतरी मुंबईला. गोडंबी मी लपवून खायची. चोळ्या घालता यायच्या नाहीत, कारण शाळेचे कपडे वेगळे. त्या ट्रंकेत तळाशी. मला मायचा राग होता, तो लिहिल्याशिवाय ही हकिगत पुरी होणार नाही. मला वाटायचं की हुकूम असला म्हणून काय झालं, माणूस वीस पावलं चालून येऊ शकतं. नदीत पाणीसुद्धा नव्हतं. मी मोठी झाले, ग्रामर शिकले, बायबलातले उतारे पाठ केले, पण ही एक गोष्ट मनात नऊ वर्षांचीच राहिली.

लढाई संपली, कापूस पडला. अमरावतीच्या बंगल्यांना कुलपं लागली आणि मडम विलायतेला गेली. माझ्या शाळेचं बघणारं कुणी राहिलं नाही. पंधराव्या वर्षी मी परत निघाले, तेव्हा आगगाडी थेट बडनेऱ्यापर्यंत आली होती. ज्या वाटेला बैलांनी इतके दिवस घेतले होते, ती एका दिवसात मागे पडली. अकोल्याच्या स्टेशनावर गाडी थांबली तेव्हा मी खिडकीचं लाकडी झापड खाली ओढलं. मला कुणी ओळखेल अशी भीती होती का कुणीच ओळखणार नाही अशी, ते आज सांगता येत नाही.

घरी बा होता, मावशी होती, माझे दोन भाऊ होते ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. कोबीचे वाफे गेले होते, कारण कोबी खाणारे गेले होते. तिथे पुन्हा वांगी होती. मावशी मला अहो-जाहो करत नव्हती, पण माझ्यासमोर जपून बोलायची. शेजारच्या बाया मला बघायला यायच्या आणि म्हणायच्या, "बोल न व काही विंग्रजी." मी एखादं वाक्य म्हणायची. त्या हसायच्या आणि उठून जायच्या. खुर्चीवर बसायची सवय झालेले माझे पाय मांडी घातली की दुखायचे. वाफ्यात उतरले तर बा म्हणायचा की राहू दे, तुझ्याच्यानं होत नाही. आणि खरंच होत नव्हतं.

माझं लग्न केव्हाच व्हायला हवं होतं. बाने बाळापूरकडचं एक स्थळ आणलं. शेतकरी माळी, बिजवर, बरी माणसं. मुलीवर हक्क कुणाचा, कारण हिची आई दुसरीकडे आहे म्हणतात, असा प्रश्न त्यांनी पहिल्याच बैठकीत काढला. उद्या ती किंवा तिचा नवरा उभा राहिला तर काय? बा म्हणाला, कागद आहे. ते म्हणाले, पुढच्या खेपेला दाखवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाने तो कागद पेटीतून काढला, फडक्यातून सोडवला आणि माझ्यासमोर धरला. तुला वाचता येतं तर सगळं बरोबर आहे का बघ, असं तो म्हणाला. आठ वर्षं तो कागद त्या घरात होता आणि त्याची पुढची बाजू कुणी वाचली नव्हती. मी ती वाचली. दोन वाक्यं होती. पहिलं मला ठाऊक होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं की तोपर्यंत आईला मुलीकडे वर्षातून दोनदा व्हिजिट करण्याची परवानगी राहील.

मी ते तीनदा वाचलं. मग कागद उलटला. मोडी मला अडखळत यायची, पण एवढी आली. आईने सालात दोन वेळ भेट द्यावी.

मुनशीने काही खोटं लिहिलं नव्हतं. भेट द्यावी म्हणजे येऊन भेटावं. भेट द्यावी म्हणजे वस्तू द्यावी. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत आणि आपल्याकडे एकच. ज्या ओट्यावर तो वाचला गेला तिथे साहेबाला नजराणे घेऊन आलेली माणसं बसलेली असायची, आणि कचेरीत भेट म्हटलं की सगळ्यांना काय कळायचं ते उघड आहे. मायलाही तेच कळलं. साहेबाच्या दारात जाऊन तिला एवढंच मिळालं, असं ती समजली, आणि तेवढं जाऊ नये म्हणून ती नदीच्या पलीकडे उभी राहिली. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर साहेब गाठोडंही बंद करेल, अशी तिला भीती होती. हे मला तिने पुढे स्वतः सांगितलं.

त्या सकाळी मी हे बाला कसं सांगितलं ते नीट आठवत नाही. मला मोठ्याने बोलता येत नाही. मी बहुतेक कागदाकडे बघूनच बोलले. त्याने दोनदा विचारलं, नक्की का. मी हो म्हटलं.

"मले वाचता येते का?" तो म्हणाला. "मुनशीनं सांगतलं, म्या आयकलं."

मावशी चुलीपाशी होती, तिने हातातलं काम थांबवलं होतं. बा उठला, दारापर्यंत गेला आणि तिथेच पाठमोरा उभा राहिला.

"खरं सांगू का पोरी," तो म्हणाला, "मले तवाच वाटलं होतं का याचा अर्थ दुसरा बी असन. पुसलं असतं तं मुनशीनं सांगतलं असतं. म्या पुसलं नाही."

मग तो वांग्यांत निघून गेला. मुंबईला पाठवायला तो हो का म्हणाला, तेही मला त्याच वेळी कळलं. मी अमरावतीत असते तर त्या कागदाचं कधीतरी कुणीतरी पुसलं असतं.

कागदात लग्नापर्यंत असं होतं. बाळापूरचं ठरलं की बाचा ताबा संपणार होता आणि त्याच दिवशी मायचा येण्याचा हक्कही संपणार होता. मी सासरच्या ताब्यात जाणार, आणि तिथे मायसाठी कुणी कागद केलेला नव्हता. आठ वर्षांत एकही भेट झाली नव्हती आणि हातात दोनेक महिने होते. आणखी एक गोष्ट मी त्या दिवसांत पुन्हा पुन्हा वाचून पाहिली. ताबा बाचा होता. भेटीचा हक्क मायचा होता. मला कुणाला भेटायचा हक्क आहे, असं त्या कागदात कुठेच नव्हतं. मी अकोल्याला जाऊ शकत नव्हते. तिनेच यायला हवं होतं.

मी पत्र लिहिलं. भेट हा शब्द मी त्यात येऊ दिला नाही. लिहिलं की माय, तू स्वतः ये, सोबत काही आणू नको, साहेबाने तुला यायलाच सांगितलं होतं. पत्र बाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, टाक.

तीन आठवडे काही आलं नाही. मग एका दुपारी माय आली. हातात गाठोडं होतंच.

ती ओट्यावर कडेला बसली, कचेरीत बसतात तशी. मावशीने तांब्याभर पाणी दिलं आणि ती विहिरीकडे गेली, मुलांनाही घेऊन गेली. तिचा हा चांगुलपणा मी विसरणार नाही. माय माझ्यापेक्षा ठेंगणी निघाली. तिचे हात कापूस वेचून बोटांच्या टोकांशी चिरलेले होते. मी तिच्यासमोर उभी राहिले. तीच आधी बोलली.

"बरे हाय का तुमी?"

मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं बा येऊन उभा राहिला आहे. मागे कुणी नव्हतं. ती मला म्हणत होती. मी शिकलेली, पायात स्लिपर घातलेली, पुस्तकासारखं बोलणारी, तिच्यासाठी कचेरीतलीच कुणीतरी होते.

मी बरी आहे म्हटलं. प्रवास कसा झाला ते विचारलं. आगगाडीत भीती वाटली, असं ती म्हणाली. मग तिने विचारलं, "कागदात किती येळ बसाचं लिवलं हाये?"

मी कागद आणला. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की जे लिहिलं आहे तेच वाचायचं, मनाचं घालायचं नाही. मी वाचलं आणि म्हटलं, "वेळ लिहिलेली नाही."

"नाही लिवली?"

"नाही."

"मंग मी निंगते," ती म्हणाली. "उगा आगाऊपणा नको."

आणि ती उठली. जे लिहिलेलं नाही ते आपलं नाही, हे ती आठ वर्षांत पक्कं शिकली होती. मी तिला थांब म्हणू शकले असते. ती गेल्यावर मी गाठोडं सोडलं. चोळी होती. मला थोडी सैल झाली.

बाळापूरकरांना मायच्या येण्याची बातमी गावातूनच मिळाली. पाट लागलेली आई उद्या लग्नात येऊन उभी राहील, हे स्थळ मोडायला एक कारण झालं. पण त्यांच्या थोरल्या काकांनी खरं कारण जाताना बाला सांगितलं. म्हणाले, तुमच्या पोरीनं बापाचा कागद उलटा करून वाचला, उद्या आमचेही वाचेल. बाने हे मला हसत सांगितलं. हसता हसता म्हणाला, तुले शिकवून म्या फसलो. त्यात राग नव्हता असं मी म्हणणार नाही, पण सगळा रागच होता असंही नाही.

मला रडू आलं नाही. स्थळ मोडलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की कागद अजून चालू आहे.

पुढे मिसबाईंचं पत्र आलं की लहान मुलींना शिकवायला कुणी हवं आहे. तिसऱ्या दिवशी बाने तो कागद फडक्यात बांधून माझ्या ट्रंकेवर ठेवला आणि म्हणाला, "तुले वाचता येते. तुह्याजवळच राहू दे." या वेळी तो मला स्टेशनापर्यंत पोचवायला आला. कोबी नव्हती. वांगी होती.

आता मी इथे दोन वर्षं शिकवते. माझं लग्न झालेलं नाही आणि त्याबद्दल मला विचारू नका. अमरावतीहून माझ्याविषयी काय काय बोललं जातं ते मला कळतं, आणि त्यातलं बरंचसं खोटं आहे. घर आठवतं का, असंही तुम्ही विचारता. विहीर आठवते. बा आठवतो, तो वर्षातून एकदा कुणाकडून तरी चार ओळी लिहवून घेतो. पण परत जावं असं ठिकाण म्हणून ते डोळ्यांसमोर येत नाही. शाळेतही मी कुणाच्या घरातली नाही. शनिवारी मुलींना व्हिजिटर येतात तेव्हा नावं पुकारायचं काम आता माझ्याकडे आहे. ज्यांना कुणी येत नाही, त्यांना मी मोजे देत नाही, अंगणात खेळायला पाठवते.

मायला मी कळवलं होतं की ताबा कुठे का असेना, तुझा हक्क माझ्यामागोमाग चालत येतो. ती गेल्या अखाजीला पहिल्यांदा मुंबईला आली. अकोल्याच्या चार माणसांबरोबर, दिवसरात्रीच्या आगगाडीने हबकून गेलेली. व्हिजिटर्स रूममध्ये ती बाकावर बसली नाही, बाकाच्या टोकाशी जमिनीवर बसली. घड्याळाकडे बघत राहिली. तिला घड्याळ कळत नाही, पण ते कशासाठी असतं ते कळतं.

"बरे हाय का तुमी?" तिने विचारलं. आणि मग, "किती येळ लिवला हाये?"

मी वर जाऊन कागद घेऊन आले. तिच्याजवळ जमिनीवर बसले. साहेबाच्या दुसऱ्या वाक्याखाली बोट ठेवलं, मुलींना शिकवताना ठेवते तसं, आणि एकेका शब्दावरून बोट फिरवत हळूहळू वाचलं. आईने दिवस मावळेपर्यंत बसावे.

ती बोटाकडे बघत होती.

"मागं तं म्हणे लिवलं नाही."

"मागे मी नीट वाचलं नव्हतं," मी म्हटलं.

मायने पाय लांब केले. पदर जरा मागे सारला. मग म्हणाली, सायब भला होता, आणि आणखी काय लिहिलं आहे ते विचारलं. ओळ तर संपली होती. मी बोट पुन्हा सुरुवातीला नेलं. वाचलं की मुलीने आईच्या हातचे खावे. तिने गाठोडं सोडलं आणि लाडू काढला. मी खाल्ला. तोंडात लाडू असतानाच पुढचं वाचलं. आईने मुलीस तुमी म्हणू नये.

तिला वाचता येत नव्हतं, पण ती मूर्ख नव्हती. एवढ्याशा ओळीत इतकं मावत नाही, हे तिला कळलंच असणार. तिने कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि आपल्या पदराखाली मांडीवर ठेवला.

"लबाड हायेस तू," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मले माहीत हाये."

दिवस मावळेपर्यंत ती बसली. दिवाळीला पुन्हा आली, या अखाजीला पुन्हा. तिसऱ्यांदा ये, तुला कुणी अडवणार नाही, असं मी सांगून पाहिलं. ती नाही म्हणते. दोनच लिहिलं आहे ना. तेवढं मात्र मला बदलून वाचता आलेलं नाही, कारण तो आकडा मुनशीनेही तोच वाचला होता आणि तिला तो पाठ आहे. घर कुठे, असं कुणी विचारलं तर मी अमरावतीचं नाव सांगते, कारण काहीतरी सांगावं लागतं. पण मला ते दोन दिवस दिसतात, फाटकाजवळच्या त्या खोलीतले, बाकाच्या टोकाशी जमिनीवरचे. बाकीचे दिवस मी मुलींना ग्रामर शिकवते. या वर्षीची एक भेट झाली आहे. एक अजून व्हायची आहे.